गबाळ्याला सांगून जाणं

या खेपेला गबाळ्याने दाराची चौकट कुरतडली होती. ती दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेली काय नि आली काय, तेवढ्यात उंबऱ्याशी लाकडाचा भुसा आणि त्यावर रक्ताचे ठिपके. कुत्रा थरथरत होता, कडेवरच्या बाळीने भोकाड पसरलं होतं आणि घरमालकीणबाई खालून जिना चढत होत्या.

"दिवसभर गळा काढतं हे कुत्रं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "रविवारपर्यंत बघते. मग एक तर ते जाईल, नाहीतर तुम्ही."

बाळंतपणाची रजा संपत आली होती, सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. बाळीला पाळणाघर मिळालं होतं. गबाळ्याला कोण सांभाळणार? बाळी झाल्यापासून ती घरातच, त्यामुळे त्याची एकटं राहायची सवयच मोडली होती. नवऱ्याने एक माणूस शोधून ठेवला होता. गोदामाच्या राखणीला कुत्रा हवा होता त्याला. साखळीवर बांधून ठेवणार होता. हे सांगताना नवरा तिच्याकडे बघत नव्हता.

उपाय का कमी केले होते? रेडिओ चालू ठेवला, आपला जुना गाऊन अंथरला, चघळायला हाड दिलं. वर सासूबाईंचा हुकमी उपाय होताच: गुपचूप सटकायचं. "ह्याला मी असंच वाढवलं," त्या लेकाकडे बोट दाखवून म्हणायच्या. "खेळात गुंतला की मी मागच्या दाराने पसार. पोराला पत्ताही लागायचा नाही." म्हणून ती चपला हातात घेऊन चोरासारखी बाहेर पडायची. आता गबाळ्या न्हाणीघरापर्यंत तिच्या मागे यायचा आणि झोपतानाही तिच्या पायाला नाक लावून झोपायचा.

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाई भेटायला आल्या असताना ती पाणी प्यायला उठली.

"कुठे चाललीस?" नवऱ्याने विचारलं.

"स्वयंपाकघरात. परवानगी आहे ना?"

"तसं नाही गं. सहज विचारलं."

ती तिथेच थबकली. लग्न झाल्यापासून ती उठली रे उठली की हा असंच सहज विचारत आला होता.

"आई, बघा," ती म्हणाली, "तुमचं पोर अजून मागच्या दारावर पहारा देतंय."

सासूबाई खळखळून हसल्या. मग लेकाचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या.

सकाळी तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या जवळजवळ खेकसल्याच. "फसवून जाता? मग त्याने डोळा मिटायचा तरी कसा? त्याच्या देखत जा आणि तो घाबरायच्या आत परत या. आधी क्षणभर, मग हळूहळू वाढवा."

"पण मला सोमवारपर्यंत हवंय हो."

"मग काही महिन्यांपूर्वी फोन करायचा होता."

नवरा बाळीला घेऊन सासूबाईंकडे गेला आणि शनिवारभर तिने तेच केलं. चपला घालायच्या, "येते हं, गबाळ्या," म्हणायचं, दार लावायचं, दार उघडायचं. एकदा ती जरा जास्त थांबली आणि त्याने आभाळ फाटल्यासारखा सूर लावला. पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी ती दाराबाहेर उभी असताना घरमालकीणबाई वर आल्या. "मेलं की काय? आवाज नाही ते!"

"शू!"

आपण कोणाला शू केलं हे लक्षात येऊन तिने जीभ चावली. आतून नखांची टकटक दारापर्यंत आली. थांबली. मग अंग टाकल्याचा आवाज झाला. तिने लगेच दार उघडलं.

"बस, एवढंच?" घरमालकीणबाई म्हणाल्या. "सोमवारी कामावर गेलीस की कसं भागणार?"

"नाही भागणार." ती म्हणाली. "मी कामावरच जात नाही. बिनपगारी रजा मागते. दिली तर दिली, नाहीतर नोकरी गेली. त्याला एकटं सोडलंच नाही तर रडेल कशाला? थोडे दिवस द्या, काकू. तुमच्या पाया पडते."

काकूंनी कुरतडलेल्या चौकटीवर बोट फिरवलं. "ही नवी करून द्यायची. आणि पुन्हा रडलं तर त्याच दिवशी सामान बाहेर."

"हो."

त्या खाली गेल्या. कामावरच्या साहेबांना फोन लावायला तिने हात पुढे केला, तेवढ्यात गबाळ्याकडे लक्ष गेलं. त्याचे डोळे जड झाले होते. ही वेळ दवडून चालणार नव्हतं.

"येते हं."

दार लावून तिने दारालाच कान चिकटवला. आत काहीच आवाज नव्हता. तो झोपला होता, की तिच्यासारखाच श्वास रोखून उभा होता, हे तिला कळेना.