अंग न झाडणारा कोंबडा

बळीरामच्या बायकोनं, हौसानं गावदेवीला नवस केला होता : सुनेची, कुमुदची सुटका नीट होऊ दे, दारातला सगळ्यात मोठा कोंबडा देईन. कुमुद सुटली, पोरगं टणटणीत. आणि दारातला सगळ्यात मोठा कोंबडा कुठला? तर बळीरामची भाची वल्लरी खारघरच्या प्रयोगशाळेत आहे, तिनं मामाला दिलेला. कोंबडा कसला, पिसं लावलेला हंडा! खोटं वाटेल, पण मांजरानं झडप घातली तर हा त्याच्याच पाठीवर मान टाकून झोपला. मांजर लाजेनं करंजा बंदरावर गेलं, ते अजून तिथं सुकी मासळी खातंय.

आता आमची रीत अशी : कोंबड्यावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं तर देवीला मान्य. नाही झाडलं तर सुरी उचलायची नाही.

धर्मराज भगतानं पाणी शिंपडलं. कोंबडा बघत राहिला. तांब्या ओतला. कोंबडा प्यायला.

"हौसा, देवी तुजा नवस घेत नाय."

"नाय घेतला तं माज्या नातवाचं काय?" हौसा रडकुंडीला आली.

वल्लरीला बोलावलं. ती म्हणाली, "मामी, डोडो नावाचा पक्षी होता. बेटावर त्याला शत्रूच नव्हता, म्हणून भीती ठाऊक नव्हती. माणसं आली, हा पळाला नाही, संपला. त्याचे गुण आम्ही या कोंबड्यात आणलेत. हा भीतच नाही, तर पाण्याला दचकून अंग झाडेल कशाला?"

"म्हंजे ह्यो कोंबडा हाय का नाय?" भगत.

"कोंबडाच. थोडा डोडो."

"थोडा म्हंजे कुठं? मान कोनाची? मना मान उडवायची हाय!"



"दुसरा आणू का?" बळीराम म्हणाला.

"बोलले मोटा नि देऊ बारका? देवी काय आंधली हाय?" हौसा उसळली.

मग हौसानं स्वतःच घागरी ओतायला घेतल्या. कोंबडा जागचा हलेना. हौसा मात्र नखशिखांत भिजली, खाडीवरून वारा आला आणि तिनं पायापासून अंबाड्यापर्यंत अंग झाडलं.

देवळात भगत सुरी धरून एकदा हौसाकडे बघतोय, एकदा कोंबड्याकडे.

"देवीनं मान्य केलं," तो पुटपुटला. "पन कोनाला?"

"भगता, सुरी ठेव आदी!" बळीराम ओरडला.

हौसानं पदर पिळला. "कोंबड्याला नाय, देवीनं मनाच मान्य केलाय. आता मी देवीची."

तेव्हापासून ती दिवसभर देवळात झाडलोट करते. नातू मजेत आहे. नवस फिटला का, हे भगताला सांगता येत नाही. आणि घरी बळीराम चुलीपाशी बसलेल्या कोंबड्याला रोज विचारतो, "आज काय रांधू?"