भिंतीवरची नववी ओळ

मी फ्लेक्स बोलतोय. खरं तर कुठल्या तोंडानं बोलू, हाच प्रश्न आहे. माझं मूळ तोंड भिंतीकडं आहे. त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा, हात जोडलेला मोठा फोटो आहे. भिगवणच्या चौकात आठवडाभर मिरवलो, मग मला उतरवलं आणि मी कुणालाच नको झालो.

रेश्मा मॅडमनी मला उचललं. हायवेजवळच्या हायस्कुलात त्या इंग्रजी शिकवतात. 'एव्हरीडे' जोडून लिहायचं की 'एव्हरी डे' तोडून, 'मेबी' की 'मे बी', इथं पोरं हमखास घसरतात. अशा बारा जोड्या त्यांनी माझ्या कोऱ्या पाठीवर निळ्या ऑइलपेंटनं रंगवल्या, समोर अर्थ लिहिले आणि मला दहावीच्या वर्गात घड्याळाखाली टांगलं. काय फुगलो होतो मी!

नवव्या ओळीत मात्र मॅडमकडून दोन अर्थांची अदलाबदल झाली होती. अख्ख्या वर्गात ते एकीलाच कळलं. स्वरूपा तिचं नाव. तिचे वडील उजनीच्या पाण्यात मासे धरतात.

"मॅडम, नववी ओळ उलटी झालीया."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "भिंतीवर लिहिलंय ते चूक आणि तू बरोबर? बस खाली!"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. हो, मीसुद्धा. रंगवलेल्या अक्षरांना फार माज असतो.

बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत होतं. आदल्या दिवशी भिंतीवरचे तक्ते झाकायचा हुकूम आला. शिपाई इब्राहिमभाई स्टुलावर चढून माझ्यावर वर्तमानपत्रं चिकटवू लागले. खळ संपत आली होती. "ऱ्हाईल की एवढ्यावर," ते म्हणाले.

नाही राहिलं. इंग्रजीच्या पेपरला पंख्याच्या वाऱ्यानं कागद सुटला आणि मी उघडा पडलो. लोक बघतील म्हणून मला उलट बरंच वाटलं, एवढा मी निर्लज्ज. तेवढ्यात भरारी पथक आत आलं आणि नेमक्या त्याच वेळी स्वरूपानं मान वर केली.

"काय बघतेस?"

"घड्याळ, सर."

पथकातल्या साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "हे घड्याळ?"

पेपर काढून घेतला, कॉपीचा शेरा मारला. "मी न्हाय बघितलं, सर! मला येतंय हे," ती रडत सांगत राहिली. ओरडून सांगावंसं वाटलं, पण फ्लेक्सला कुठला आवाज?

तिचा निकाल राखून ठेवला. तिचे वडील शाळेत आले, चपला वर्गाबाहेर काढून दारातच उभे राहिले.

"बाई, तक्त्यावरनं न्हाय, माझ्या मनानं लिवलं म्हनती पोरगी. कॉपी ठरली तर परत शाळंचं नाव घेनार न्हाय, असंबी म्हनती. तुमी काय म्हनता?"

मॅडमची नजर नवव्या ओळीवर येऊन थांबली. पेपरात नेमकी तीच जोडी आली होती. माझं बघून लिहिलं असतं, तर तिचं उत्तर चुकलं असतं. पण हे सांगायचं म्हणजे स्वतःची चूक चव्हाट्यावर मांडायची. मॅडमनी स्टूल ओढलं आणि मला भिंतीवरून उतरवलं.

बोर्डाच्या पुण्यातल्या सुनावणीला त्या मला गुंडाळून घेऊन गेल्या. टेबलावर पसरलं. शेजारी स्वरूपाची उत्तरपत्रिका.

"ही ओळ चुकीची आहे. चूक माझी. या मुलीनं ती वर्गात दाखवली होती, मी तिला खाली बसवलं. आता तिचं उत्तर बघा."

बोर्डाच्या साहेबांनी दोन्ही ताडून पाहिलं. "हे लेखी द्याल?"

"देते."

शरमेनं माझ्या कडा आपोआप आत वळत होत्या. मॅडमनी त्या तळहातानं दाबून धरल्या.

स्वरूपा सुटली. अकरावीसाठी बारामतीला निघण्याआधी ती शाळेत आली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "चुकले गं मी." आणि तिच्या हातात ब्रश दिला.

"पुसू का, मॅडम?"

"पुसू नकोस. काट मार आणि खाली बरोबर लिही. दिसू दे."

ती काट घेऊन मी आजही तिथंच टांगलेला आहे. यंदाच्या नव्या पोरांनी विचारलं, "हे कुणी चुकवलं?" मॅडम म्हणाल्या, "मी."

तुम्ही बारामतीला गेलात आणि स्वरूपा भेटलीच, तर तिला एवढं सांगा. त्या दिवशी वर्ग हसला, तेव्हा भिंतीवरचाही एक जण हसला होता. मॅडमनी माफी मागितली. माझी तेवढी राहिली आहे.