निळी लक्ष्मी

चिकपेटातल्या एका साडीच्या दुकानावर जुना कल्याण मंटप, म्हणजे मंगल कार्यालय, आहे. त्या दुपारी तिथे मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. बाहेर रणरणतं ऊन, आत खिडक्यांना काळे पडदे. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली एकेक जुनी नोट, कुणाची देव्हाऱ्यातली, कुणाची आजोबांच्या ट्रंकेतली. आणि व्यासपीठावर पांढराशुभ्र पंचा नेसलेले नोटस्वामी.

"जुनी नोट म्हणजे झोपलेली लक्ष्मी!" स्वामी गरजले. "झोपलीय तोवर कागदाचा भाव. जागी केली की परदेशातले शेठ लाखांनी घेतात. सरी काय, अक्का? बरोबर ना?"

"सरी, सरी!" बायका म्हणाल्या.

स्वामींनी एका म्हाताऱ्याची नोट चांदीच्या कळशीतल्या तीर्थात बुडवली, हलकेच टिपली आणि दिवे मालवायला लावले. शिष्याने नोटेवर 'ज्ञानज्योत' धरली. ज्योत कसली, फिकट जांभळ्या उजेडाची बॅटरी ती! पण नोट अशी काही निळी झळाळली, की सभागृहाने एकदम 'आ' केला. म्हाताऱ्याने तिथेच लोटांगण घातलं.

"जागी झालेली लक्ष्मी एकटी राहत नाही, अण्णा. तिला सोन्याची सोबत लागते. नोट आणि सोनं एका पिशवीत बांधून माझ्यापाशी ठेवा. शेठचे पैसे आले की दोन्हीचा हिशेब!"

हे सगळं सुचेताबाई शेवटच्या रांगेतून पाहत होत्या. त्यांना राग आला नाही, हसूही आलं नाही. नवरा, पद्मनाभ, गेल्यापासून त्यांना काहीच होत नव्हतं. पुण्याचं घर बंद करून त्या या कानडी शहरात, एचएसआर लेआउटला मुलाकडे आल्या होत्या. ताट पुढे आलं की जेवायचं, दिवा विझला की आडवं व्हायचं. "आई, एकदा रड तरी गं," असं मुलगा म्हणायचा. रडू यायला हवं ना! आत सगळं लाकूड झालं होतं.

आज त्या आल्या त्या चंद्राबाईंनी ओढून आणलं म्हणून. चंद्राबाई निपाणीकडच्या, मुलाच्या घरी स्वयंपाकाला येत. सासऱ्यांनी ठेवलेली, राजाचं चित्र असलेली दहाची नोट त्यांनी मागच्या खेपेलाच इथे 'जागी' करून घेतली होती. आज सोबतीला द्यायच्या होत्या पाटल्या. जन्मभर लोकांच्या चुली सांभाळून केलेलं तेवढंच सोनं.

"अक्का, सोनं द्यायचं म्हंजे संगं शिकलेलं माणूस पायजे की वो," त्या म्हणाल्या होत्या.

पुन्हा अंधार झाला. पुढची नोट झळाळली. आशीर्वादाला स्वामींनी हात उंचावले, शिष्याची ज्योत जरा ढळली, आणि स्वामींचा पंचा कमरेपासून घोट्यापर्यंत तसाच निळा पेटला. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे डोळे नोटेवर. पण सुचेताबाईंनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. मन झोपलं होतं, डोळे नव्हते.

आणि पद्मनाभ आठवले. जन्मभर जुन्या नोटा जमवणारा माणूस. भिंग घेऊन खिडकीशी बसायचे. घड्या, टाचणीची भोकं, कोपरे तपासायचे. शेवटी नोट कानाशी धरून बोटाने टिचकी मारायचे. "ऐक, सुचेता, कशी कडक बोलते! मळकी नोट चालेल, धुतलेली नको. धुतली की मेली."

चंद्राबाई पाटल्या उतरवत व्यासपीठाकडे निघाल्या होत्या. सुचेताबाई उठल्या, त्यांच्या आधी वर चढल्या आणि शिष्याच्या हातातून बॅटरी काढून घेतली. तो पोरगा 'अहो अहो' करेपर्यंत उजेड स्वामींच्या पंच्यावर पडला.

"स्वामी, तुमच्या पंच्यात कुठली लक्ष्मी जागी झाली?"

सभागृहात खसखस पिकली.

"सिद्धपुरुषाच्या अंगी तेज असतं, अक्का," स्वामी चाचरले.

उजेड पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थावर वळला. त्यांची कॉलरही निळी.

"मग माझी कॉलर ठेवा आणि अंगठी परत द्या!" ते ओरडले.

सुचेताबाईंनी उजेड कळशीवर धरला. आतलं तीर्थच निळं चमकत होतं. त्यांनी वाकून वास घेतला. कापूर आणि गुलाबपाण्याच्या आड धुण्याच्या पावडरीचा ओळखीचा वास.

"कपडे पांढरे दिसावेत म्हणून साबणात एक द्रव्य घालतात," त्या वर्गात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या. "या बॅटरीचा बराचसा उजेड डोळ्यांना दिसत नाही. ते द्रव्य तो शोषून घेतं आणि निळा करून परत टाकतं. जुन्या नोटेच्या कागदात ते नसतं. यांनी कळशीतून लावलं. लक्ष्मी नाही, हे धुणं आहे धुणं!"

मग काय विचारता! पडदे ओढले गेले, दारं अडवली गेली, कुणीतरी पोलिसांना फोन लावला. स्वामी आतल्या खोलीत बसून घाम पुसू लागले. सोन्याच्या पिशव्या जिथल्या तिथे सापडल्या.

"पाटल्या वाचल्या बघा, अक्का," चंद्राबाई म्हणाल्या. "आणि नोट तर हाय न्हवं?"

सुचेताबाईंनी नोट खिडकीशी नेली. घड्या कमी, भोक एकही नाही, कोपरे शाबूत. त्यांनी ती कानाशी धरली आणि टिचकी मारली. नोट लुळी पडली होती. आवाजच आला नाही.

"धुण्याआधी हिला चांगले पैसे आले असते, चंद्राबाई. लाख नव्हे, पण आले असते. आता कुणी फारसं देणार नाही."

चंद्राबाई रडल्या नाहीत. "सरी," एवढंच म्हणाल्या. चेहरा कोरा. तो चेहरा सुचेताबाई रोज आरशात पाहत होत्या. आणि इतक्या महिन्यांनी त्यांना भडभडून आलं. चारचौघांत, पदर तोंडाला लावून त्या रडल्या.

"मग खरी किंमत कळायची कशी, अक्का?" लोटांगण घातलेला तो म्हातारा विचारत होता.

"उजेडात," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "नोट धुवू नका, इस्त्री करू नका. दोन-तीन जाणकारांना दाखवा आणि का, कसं, असं विचारत राहा. विकत घेणारा पैसे देतो, सोनं मागत नाही. आणि जो पडदे ओढल्याशिवाय काही दाखवत नाही, त्याला आधी पडदे उघडायला सांगा."

परतताना ऑटोत चंद्राबाईंनी नोट काढली, कानाशी धरली आणि टिचकी मारली. पुन्हा मारली.

"कायच बोलंना वो, अक्का."

"नाही बोलणार आता," सुचेताबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात हातात घेऊन बसल्या.