चौथा केक

डेन्मार्कमधल्या एस्बियर्गच्या बंदरावरच्या त्या कचेरीत एक अलिखित कायदा होता : ज्याची चूक, त्याचा केक. पाना समुद्रात पडला, केक. डबा धक्क्यावर विसरला, केक. चुकणाऱ्याने सगळ्यांना कापून द्यायचा आणि स्वतः शेवटचा तुकडा खायचा, की विषय मिटला. कुणाला लागलं-खुपलं तर मात्र केक नसे. तेव्हा कागद भरावे लागत.

या फेब्रुवारीत हेनिंग थोरुपने एकट्याने तीन केक आणले होते. तो तिथला व्यवस्थापक. किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटर आत समुद्रात बहात्तर पवनचक्क्या, आणि त्या दुरुस्त करायला आज माणसं पाठवायची की नाही, हे रोज सकाळी सहाला त्याने ठरवायचं. लाट दीड मीटरच्या वर असली तर बोट सोडायची नाही, असा नियम. बोट चक्कीच्या खांबाला नाक टेकवून उभी राहते आणि माणसाने हलत्या बोटीवरून न हलणाऱ्या शिडीवर पाऊल टाकायचं असतं. दीड मीटरच्या पुढे ते पाऊल राहत नाही, उडी होते. हेनिंगने तीनदा बोट थांबवली, आणि तिन्ही वेळा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निपचित पडून राहिला.

"हेनिंग, नोकरी सोड आणि बेकरी टाक," पाले म्हणाला होता. "गिऱ्हाईक आम्ही आहोतच."

पाले सगळ्यांत जुना मेकॅनिक. वीस वर्षांपूर्वी दोघे एकाच शिडीवर चढायचे. पुढे हेनिंगचे गुडघे गेले आणि त्याला खुर्ची मिळाली. खुर्चीने माणूस गुडघ्यांपेक्षा लवकर झिजतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रोज कोपनहेगनच्या मुख्य कचेरीतून फोन यायचा. "किती बंद आहेत?" "चौदा." "काल तर बारा होत्या!" जणू हेनिंगनेच पोहत जाऊन दोन बंद केल्या होत्या. तो दमला होता. सुट्टी घेऊन जाईल असला तो थकवा नव्हता. आकडा बघितला की डोळे मिटावेसे वाटत.

त्या गुरुवारी पावणेसहाला समुद्रातल्या मोजयंत्राने एक पॉइंट सहा दाखवलं. त्याने कॉफी ओतली. सहाला आकडा एक पॉइंट चारवर आला होता. वहीत नोंद होते ती सहाची, पावणेसहाचं कुणी विचारत नाही. आणखी अर्धा तास थांबावं, हे त्याला कळत होतं. पण दारात माणसं नारिंगी पोशाख चढवून उभी होती आणि त्यांतला एक म्हणाला, "आज कुठला केक? खोबऱ्याचा की सफरचंदाचा?" सगळे खो-खो हसले.

"एक पॉइंट चार," हेनिंग म्हणाला. "निघा."

नऊ वाजता पालेचा एक पाय शिडीवर असताना बोट खाली गेली आणि पुढच्या लाटेने तिला दाणकन वर उचललं. कमरेच्या दोराने पाले वाचला, खांदा मात्र लोखंडावर आपटून मोडला.

सोमवारी अहवाल हेनिंगच्या टेबलावर आला. कारण आधीच लिहिलेलं होतं : 'मेकॅनिकने पाऊल घाईने टाकले.' फक्त सही हवी होती. आणि तेवढ्यात गळ्यात हात बांधलेला पाले स्वतःच दारात हजर, दुसऱ्या हातात केकची पिशवी.

"चूक माझी, केक माझा. बायकोने भाजलाय."

"लागलं तर केक नसतो, पाले."

"लागलं मला. मी ठरवीन." मग टेबलाजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "सही कर रे. मीच त्यांना तसं सांगितलंय. हा खांदा आता शिडी चढायचा नाही. माझं जायचं ते गेलं, तुझी खुर्ची कशाला घालवतोस?"

हेनिंगला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली.

"तुला माहीत होतं?"

"बोटीत बसल्या बसल्या कळलं. ते पाणी एक पॉइंट चारचं नव्हतं."

"मग मागे का नाही फिरलास?"

पाले खांदा उडवायला गेला आणि कळवळला. "तू निघा म्हणालास ना."

माणसं कॉफीला जमली. पाले डाव्या हाताने वेडेवाकडे तुकडे पाडू लागला. हेनिंगने अहवालावरची ती ओळ खोडली, खाली स्वतः चार ओळी लिहिल्या, सही केली. मग उठून त्याने पालेच्या हातातली सुरी घेतली.

"पावणेसहाला एक पॉइंट सहा होतं," तो सगळ्यांना म्हणाला. "मी बघितलं होतं. चौथा केक आणायची लाज वाटली, म्हणून बोललो नाही."

त्याने पहिला तुकडा पालेला दिला, मग एकेकाला. प्रत्येकाने बशी घेतली. टेबलावर कोपनहेगनचा फोन वाजायला लागला. हेनिंगने उरलेला तुकडा उभ्यानेच खाल्ला, पार शेवटच्या चुऱ्यापर्यंत, आणि मग फोन उचलला.