वर्गात दुसरी

"बाई, तुम्ही मुद्दाम चुकता," वकीलिणीने उत्तरपत्रिका पुढे सरकवली. "सात आठे चोपन्न? तुमचं?"

बाईंची चोरी पकडली गेली होती. त्या एका खोलीच्या शाळेत सातवीपर्यंत मिळून सहा मुलं, त्यात पाचवीत ही एकटीच. तिला सगळे वकीलीण म्हणत ते उगाच नव्हे. एकटीने कसली परीक्षा द्यायची, असा वाद तिने घातला, तेव्हापासून बाईही तिच्या शेजारी बसून पेपर लिहीत. पेपर काढायला आणि तपासायला पोस्टमनकाका. बाई दर वेळी दोन-चार मार्कांनी हरत आणि आपण फार हुशारीने हरतो असं त्यांना वाटे.

"म्हणजे माझा पहिला नंबर खोटाच. मी नाही जाणार मामाकडे. तिथे वर्गात चाळीस मुलं. माझं हसं होईल."

सहावीला तिला मामाच्या गावी, मोठ्या शाळेत पाठवायचं घरात ठरलं होतं. तिने जावं असं बाईंना वाटे. जाऊ नये असंही वाटे, पण ते त्या कुणाला सांगत नसत.

"शनिवारी पुन्हा बसू. या वेळी मी चुकणार नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

शनिवारी काकांनी वीस गणितं दिली, अर्धा तास दिला. बाईंनी कंबर कसली. बाकीची मुलं अभ्यास सोडून तमाशा बघत बसली. शेवटच्या गणिताशी बाईंचा हात अडखळला. आपण जिंकलो तर पोरगी हिरमुसेल आणि इथेच राहील, हे त्यांना कळत होतं. त्याचा थोडा आनंदही झाला, आणि त्याची लाज वाटली. पण शब्द दिला होता. त्यांनी उत्तर बरोबर लिहिलं.

काकांनी दोनदा तपासलं. "बाई वीस. पोरगी अठरा."

वकीलिणीने दोन्ही पेपर आपल्याकडे ओढून घेतले.

"खरे अठरा?"

"खरे."

"मोठ्या माणसापेक्षा दोनच कमी?" ती म्हणाली. "मग जाते मी."

पुढच्या आठवड्यात आई दाखला न्यायला आली. शेऱ्याच्या रकान्यापाशी बाई थांबल्या.

"वर्गात दुसरी, असं लिहा," वकीलीण म्हणाली.

"अगं, वर्गात होतीस तरी कितीजणी?" आई वैतागली.

"दोघी," बाई म्हणाल्या. त्यांनी तसंच लिहिलं, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत दाखला आपल्या हातातच ठेवला.