दोन ठसे, एक ठिपका

‘वर बघ गं मैना माझी, काजळाचं बोट आलं,
हलू नको डोळ्या बाळा, आभाळ दारी थांबलं...’

काजळ घालताना आई गुणगुणायची. मुलुंडच्या त्या दवाखान्यातल्या खुर्चीत सुंदराबाईंना लहानपणीचा तो आवाज ऐकू आला, कारण माधुरीचं बोटही तसंच गार होतं.

त्यांचा उजवा डोळा आजाराने विझून आकसला होता. त्याच्यावर बसवायचा कृत्रिम डोळा बनवण्यासाठी तिथली तंत्रज्ञ माधुरी ठसा घेत होती.

“मावशी, डाव्या डोळ्याने भिंतीवरच्या लाल ठिपक्याकडे बघा. दोन्ही डोळे सोबतच फिरतात, नजर हलली की ठसा तिरका येतो. दिसला ना?”

“दिसला की.”

भिंत दिसत होती, ठिपका नाही. डाव्या डोळ्यातही हल्ली धुकं साचत होतं. पण शेजारी उभी असलेली त्यांची लेक तेजल सोमवारी नव्या नोकरीसाठी बंगळूरला निघणार होती. हे कळलं असतं तर लेकीने भांडुप सोडलंच नसतं.

पहिला ठसा पाण्यात कालवलेल्या पावडरीचा. कपड्यांच्या खळीसारखा मऊ, गार. पटकन घट्ट झाला आणि काढताना कडेला फाटला. बुबुळाची खूण मधोमध हवी, ती नाकाकडे सरकलेली.

“हे मटेरियल नाजूकच,” माधुरी म्हणाली. “सुकलं की आकसतं पण. आता सिलिकॉन घेऊ. ते आकार सोडत नाही.”

सिलिकॉन डोळ्यावर जड वाटलं. सुंदराबाईंनी अंदाजानेच नजर लावली. हा ठसा अख्खा निघाला, कडा स्वच्छ, पापणीच्या आतली बारीक घडीसुद्धा उमटलेली. खूण मात्र तितकीच नाकाकडे.

माधुरीने दोन्ही ठसे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. “हाही तिरकाच आला,” ती पुटपुटली.

तेजल उसळली. “मॅडम, आईच्या डोळ्यावर प्रॅक्टिस चाललीये का?”

“सॉरी. मटेरियलला दोष द्यावा, तर दोन्ही सारखेच तिरके कसे? माझाच हात वाकडा जात असेल. हवं तर दुसरीकडे दाखवा.”

“तेच करते. चल गं आई!”

सुंदराबाई उठल्या नाहीत. त्यांनी चाचपडत माधुरीचा गार हात धरला.

“तेजू, हिला बोलू नको. हिचा हात सरळ आहे.” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. “मला तो ठिपका दिसतच नाही गं. ह्या डोळ्यानंसुद्धा.”