धुऊन टाकलेलं दुपटं

घरात नवं माणूस येणार म्हटलं की आपण सगळेच झाडलोट करतो. लाँड्रीवाल्याच्या घरी तर विचारूच नका! शाईचा डाग असो की गंजाचा, याच्या हातून सुटायचा नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही, तेव्हा नवरा-बायकोनं मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि एका दत्तक-संस्थेतून तीन वर्षांची एक मुलगी घरी आणली. संस्थेत तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायचीच नाही.

"आता मागचं सगळं पुसून टाकायचं," लाँड्रीवाल्यानं बायकोला बजावलं. "तिथल्या कुणाचं नावसुद्धा घरात काढायचं नाही. पाटी कोरी!"

भिंगरी आली ती एक मळकट दुपटं छातीशी कवटाळून. कडा चघळून चघळून विरलेल्या, वर तेलाचे डाग. तिचा डोळा लागताच लाँड्रीवाल्यानं ते अलगद काढून घेतलं. स्वच्छ धुतलं, वाळवलं, कडक इस्त्री करून उशाशी ठेवलं. बिचाऱ्यानं हौसेनंच केलं हो सगळं!

भिंगरी उठली. दुपटं तिनं नाकाशी नेलं, हुंगलं आणि खाली टाकून दिलं. मग जो टाहो फोडला, तो काही केल्या थांबेना.

त्यानंतर पोरगी मिटूनच गेली. दाराआड बसून राहायची, घास तोंडातच धरून ठेवायची. रात्री दचकून रडत उठायची. बायको तिच्याजवळ बसून राहायची, पण पोर तिला हात लावू द्यायची नाही.

"आपण तिला आवडलोच नाही," बायको एकदा डोळे पुसत म्हणाली.

"संस्थेत कळवावं का?" लाँड्रीवाला खाली बघत म्हणाला. "आपल्यापायी पोर झुरून जायची."

संस्थेच्या समुपदेशक बाई ठरल्याप्रमाणे घरी आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "हिचं दुपटं कुठंय?"

"हे बघा, नव्यासारखं केलंय!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, काय केलंत हे! संस्थेत हिला रोज मांडीवर घेऊन झोपवणाऱ्या मावशींचा वास होता त्याला. तेवढाच ओळखीचा आधार होता तिला या घरात. तुम्ही हिचं वजन विचारलंत, आजारपणं विचारलीत. ही कुणाच्या कुशीत झोपते, हे मात्र विचारलं नाहीत. आणि आम्हीही आपणहून सांगायला हवं होतं, तेवढं आमचं चुकलं."

"पण बाई, तिला सारखं जुनंच आठवत राहिलं, तर ती आमची कशी होणार?"

"तुमची बायको माहेर विसरली का? माहेर आठवतं म्हणून तुमचं घर तिला परकं झालं का?"

यावर बायकोच म्हणाली, "अहो, लग्नानंतर मी किती रडायचे! तेव्हा तुम्हीच मला आईकडे पोचवून यायचात. आणि दरवेळी मी आपल्या पायांनी परत यायचे."

त्यानं तिथल्या तिथे मावशींना फोन लावला.

सुट्टीच्या दिवशी मावशी आल्या. भिंगरीनं धावत जाऊन त्यांच्या गळ्याला अशी मिठी मारली की बायकोला वाटलं, आता ही मावशींबरोबरच निघणार! लाँड्रीवाल्याचाही चेहरा उतरला होता.

बऱ्याच वेळानं भिंगरी मांडीवरून उतरली. मावशींचं बोट धरून घरभर हिंडू लागली. "ही माझी खिडकी. हा माझा कप." आल्यापासून पहिल्यांदाच तिला कंठ फुटला होता!

फिरत फिरत ती बायकोपुढं येऊन थांबली.

"आणि ही कोण गं?" मावशींनी विचारलं.

भिंगरीनं थोडा विचार केला. "मी रात्री रडते ना, तेव्हा ही झोपत नाही."

बायको खाली बसली आणि तिनं हात पुढं केले. या वेळी पोर मागं सरली नाही!

"मावशी, पुढच्या सुट्टीलाही या," लाँड्रीवाला म्हणाला. "येत राहा."

मंडळी, दत्तक घ्यायची मनीषा बाळगणाऱ्यांनी पाळणा, कपडे, खेळणी जरूर जमवावीत. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: या मुलाचं आधी कुणावर तरी प्रेम होतं, हे आपल्याला सोसेल का? आपल्याकडे येणारं मूल कितीही लहान असलं, तरी ते स्वतःची माणसं मनात घेऊन येतं. त्या माणसांनाही घरात जागा द्या. मूल आपलं व्हायला वेळ घेईल, तो त्याला घेऊ द्या.